खान्देशातलं रान ओळखायला शिकताना : सुरुवात सालीपासून

झाडं ओळखायची पुस्तकं बहुधा फुलांपासून सुरू होतात. खान्देशात त्यांचा उपयोग निम्माच होतो. आपलं रान कोरड्या पानगळीचं. माघात पानं झडायला लागतात आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) येईतो डोंगरच्या डोंगर उघडे पडतात. फुलं येतात ती थोड्या दिवसांची पाहुणी, आणि तीही पुष्कळदा तीस-चाळीस फूट वर. बाराही महिने हाताशी असते ती साल. म्हणून नवख्या माणसाने आधी साल, मग पान, मग खाली पडलेलं फळ आणि सगळ्यात शेवटी फूल अशा उलट्या क्रमाने शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. झाड ओळखू यायला लागलं की त्याच्या ढोलीत राहणारं, मुळाशी लेंड्या टाकून जाणारं, मेलेल्या फांदीवर उगवणारं बाकीचं सगळं शोधणंही सोपं जातं. कोण कोणाच्या आसऱ्याला जातं, हे रानात बरंचसं ठरलेलं असतं.

जागा एकच धरा

पहिल्या वर्षी एकच जागा. घरापासून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल आणि ऊन तापायच्या आत परतता येईल अशी. धुळेकरांना लळिंगचा डोंगर आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवी, चोपड्याकडच्यांना उनपदेव, यावल-रावेरकडच्यांना मनुदेवी आणि पाल, शिरपूरकरांना अनेर धरणाचा परिसर. यातलं काहीच जवळ नसेल तर गावाबाहेरचा नाला, पाटचारीचा काठ किंवा एखाद्या जुन्या देवस्थानाभोवतीची झाडी चालते. उलट शिकायला तीच बरी, कारण तिथे पान तोडून, कुस्करून, हुंगून बघता येतं. यावल, अनेर किंवा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात (पाटणादेवी यातच येते) नाक्यावर नोंद करून आत जायचं, ठरलेल्या वाटेवर राहायचं आणि पान, पीस, शिंग काहीही उचलून आणायचं नाही.

तोरणमाळ मात्र पहिल्या महिन्यात नको. हजार मीटरहून उंच पठार आहे ते. खालच्या रानापेक्षा तिथली झाडी बरीच वेगळी, आणि सुरुवातीलाच दोन्हींची सरमिसळ झाली तर डोकं चालेनासं होतं. पायथ्याचं रान आधी पाठ करावं, मग घाट चढावा.

सोबत काय असावं

वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते), सहा इंची पट्टी आणि दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी झाडांसाठी अडत नाही. घोटा झाकणारे बूट आणि पूर्ण लांबीची पँट मात्र हवीच. पाणी आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट घ्या; मार्चनंतर खान्देशचं ऊन सकाळी दहालाच बोलायला लागतं.

अंगाला अत्तर, सेंट लावून जाऊ नका. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं, त्याखाली धूर, आरडाओरडा, दगड मारणं म्हणजे विकतचं मरण. पावसाळ्यानंतर कुंपणांवर आणि झुडपांवर खाजकुयरीच्या तपकिरी, केसाळ शेंगा लोंबतात. त्यांची कूस लागली तर खाजवून पसरवू नका. चिकटपट्टी लावून उचकटली की बरीचशी निघून येते. बिब्याच्या झाडाशीही सलगी नको. त्याच्या हिरव्या फळातला आणि सालीतला रस कातडीवर उततो, काहींना तर नुसत्या जवळिकीनेही त्रास होतो.

झाड बघायचं कसं

जवळ जायची घाई करू नका. पंधरा-वीस पावलांवर थांबून पूर्ण आकार बघा: बुंधा सरळ की वाकडातिकडा, फांद्या वर जाणाऱ्या की खाली झुकलेल्या, झाड उतारावर आहे की नाल्याच्या काठी. मग बुंध्याशी जा. साल गुळगुळीत आहे, उभी फाटलेली आहे, चौकोनी तुकड्यांची आहे की कागदासारखे पापुद्रे सुटताहेत? रंग कोणता? हात फिरवला तर पूड हाताला लागते का? कुठे डिंक आलाय का? हे सगळं वहीत लिहून झाल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नये. एकदा फोटो निघाला की डोळे काम बंद करतात.

पान बघताना पहिला प्रश्न एकच: पान संपतं कुठे आणि फांदी सुरू होते कुठे? निंबाच्या काडीवर दहा-बारा पानं दिसतात, पण ते सगळं मिळून एकच संयुक्त पान असतं आणि ती दहा-बारा त्याच्या पर्णिका. हे ठरवायची खूण सोपी आहे. पान जिथे फांदीला चिकटतं त्या बगलेत बारीक कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. भिंग लावून कळी शोधा, मग पान मोजा. त्यानंतर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा सरळ आहेत की दातेरी, मागची बाजू मऊ लवदार आहे की खरखरीत, हे क्रमाने बघा.

शेवटी झाडाखाली नजर टाका. गेल्या वर्षीची फळं, शेंगा, बिया, पानं तिथे पडलेली असतात. निष्पर्ण झाड ओळखायचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा. फक्त शेजारच्या झाडाचा पाचोळा तर उडून आलेला नाही ना, एवढं बघा.

सुरुवातीची झाडं

अंजनापासून सुरू करा. खान्देशची ओळख सांगणारं झाड कोणतं असं विचारलं तर मी अंजनाचंच नाव घेईन. मुरमाड, खडकाळ, जिथे दुसरं काही नीट उभं राहत नाही अशा उतारावर ते ताठ वाढतं. लाकूड आपल्या देशातल्या सगळ्यात जड आणि कठीण लाकडांपैकी एक. कोवळ्या झाडाची साल फिकट आणि गुळगुळीत, जुन्याची काळपट, खडबडीत, भेगाळलेली. बारीक फांद्या खाली लोंबतात, म्हणून लांबूनही झाड ओळखू येतं. गुरांना पाला आवडतो, त्यामुळे गावाजवळचे अंजन छाटून छाटून खुंटासारखे झालेले दिसतील. तेही अंजनच, आकारावर जाऊ नका.

नवख्यांचा गोंधळ होतो तो अंजन आणि आपट्यात, कारण दोघांचंही पान जोडीचं दिसतं. दोन्ही पानं हातात घ्या. आपट्याचं पान एकच असतं. वरून मध्यापर्यंत खाच गेलेली, पण खालचा भाग अखंड. अंजनाच्या देठावर दोन स्वतंत्र पर्णिका असतात, प्रत्येक आपापल्या बुडाशी जोडलेली आणि दोन्ही बाजूंनी असमान. दोन्ही भाग चिमटीत धरून हलकेच ओढा. अंजनाच्या पर्णिका बुडापासून स्वच्छ सुटतात, आपट्याचं पान फाटतं. झाडाखालीही हाच फरक दिसतो: अंजनाखाली सुट्या पर्णिका विखुरलेल्या, आपट्याखाली अख्खी पानं. शेंगांवरून तर शंकाच राहत नाही. आपट्याची शेंग काळपट, कडक, वीतभर लांब आणि किंचित वाकडी, महिनोन् महिने झाडावरच लटकणारी. अंजनाची शेंग बोटाएवढी, चपटी, हलकी. एकच बी आणि तेही टोकाशी. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती गरगरत लांब जाऊन पडते. चैत्रात अंजनाला नवी पालवी फुटते ती तांबूस. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची मोठी पानंही खपतात, तेव्हा बाजारातल्या पानावरून आपटा शिकायला जाऊ नका.

सालई शोधायची तर डोंगराच्या धारेवर बघा. तिची साल हिरवट-राखाडी असते आणि पातळ पापुद्रे सुटत असतात, पापुद्र्याखाली हिरवट रंग दिसतो. कुठे जखम झाली असेल तर तिथे वाळलेला डिंक असतो. नखाने थोडा खरवडून हुंगला की धुपाचा वास येतो. झाडाला मुद्दाम कोचू नका, आधीची जखम सापडतेच. सालईसारखंच संयुक्त पान मोईला (काही जण शेमट म्हणतात) असतं, पण मोईच्या पर्णिकांच्या कडा सरळ आणि सालईच्या दातेरी. काकडाच्याही दातेरी असतात. तिथे सालीचे पापुद्रे आणि धुपाचा वास निवाडा करतात.

कांडोळ चुकणं अवघड. चांदण्या रात्री लांबूनही पांढरा दिसणारा बुंधा, म्हणून कित्येक जण त्याला भुत्याच म्हणतात. साल गुळगुळीत, तिच्यावरून पातळ कागद सुटतो. पानं फांद्यांच्या टोकांना, पाच टोकांची. फळं लालसर, तारेसारखी पाच फाकांची, आणि त्यांच्यावरची लव टोचते. कितीही सुंदर दिसली तरी फळाला हात नको.

धावड्याची सालही फिकट, पण पांढरीफेक नव्हे. राखाडी-पांढरी, अधूनमधून पातळ खपल्या पडून उथळ खळगे झालेली. हिवाळा सरताना त्याची पानं तांबडी होतात तेव्हा सगळी टेकडी रंग बदलते. औषधी आणि लाडवांसाठीचा धावड्याचा डिंक बाजारात मिळतो, तो याचाच.

काळी, चौकोनी तुकड्यांची साल दोन झाडांना असते आणि दोन्ही आपल्याकडे भरपूर. सादडा (पुस्तकात ऐन सापडेल) आणि टेंभुर्णी. सादड्याची भेग खोल, तुकडे मोठे. पान उलटून देठाजवळ मधल्या शिरेच्या बाजूला बघा. एक-दोन बारीक गाठी दिसल्या तर सादडा पक्का. टेंभुर्णीचे तुकडे बारीक आणि रंग कोळशाचा. पान जाड, खालून लवदार. फळाच्या बुडाला टोपीसारखा कडक पुष्पकोश चिकटलेला असतो आणि तो झाडाखाली वर्षभर सापडतो. सादड्याची पाच पंखांची फळं अर्जुनाच्या फळांसारखीच दिसतात, पण अर्जुन ओढ्याकाठी उभा असतो आणि त्याची साल गुळगुळीत, गुलाबीसर-राखाडी. फळ एक, साल दोन तऱ्हांची. सालीपासून सुरुवात करा म्हणतो ते यासाठीच.

साग, पळस आणि मोह बहुतेकांना माहीत असतात. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, एवढं ध्यानात असू द्या. पळसाला पानं तीनच, ही म्हण आहे तशी खरी. फक्त पांगाऱ्यालाही तीनच असतात आणि त्याच्या फांद्यांना काटे असतात, पळसाला नसतात.

काटेरी झाडं ओळखायला तर पानाचीही गरज नाही. बाभळीचे काटे जोडीने, सरळ, पांढरट. हिवराचेही जोडीने आणि सरळ, पण त्याची साल फिकट पिवळसर. खैराचे जोडीने, मात्र आकड्यासारखे वळलेले, आणि सालीच्या लांब पट्ट्या सोललेल्या. बोरीच्या जोडीत बहुतेक वेळा एक काटा सरळ, दुसरा वाकडा, म्हणून बोरीत शर्ट अडकला की सुटता सुटत नाही. हिंगणबेटाचा काटा एकेकटा, जाड, हिरवा आणि लांब. पान दोन पर्णिकांचं. एका सकाळी ही पाचही झाडं एकाच माळावर सापडू शकतात. काट्याची एकेक फांदी वहीत काढून बघा, चित्र कसंही येवो.

मोबाइलवरचं अॅप

आयनॅचरलिस्टसारखं अॅप उपयोगी आहे, पण ते नाव सांगत नाही, अंदाज सांगतं. त्याने सुचवलेलं झाड आपल्या भागात, कोरड्या रानात वाढतं का ते बघा. फोटो एकच नको. पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फळ, आणि मापासाठी शेजारी पट्टी असे वेगवेगळे टाका. सालीच्या एकट्या फोटोवरून अॅप बहुतेक वेळा गडबडतं. दुर्मीळ प्राण्याची किंवा घरट्याची नोंद करताना नेमकं ठिकाण लपवायची सोय असते, ती वापरा.

आणि अॅपच्या आधी माणसाला विचारा. सातपुड्यातल्या पावरा, तडवी, भिल्ल वस्त्यांमधल्या म्हाताऱ्यांना, गुराख्यांना, मोह वेचणाऱ्या बायांना जे माहीत आहे ते कोणत्याही अॅपात नाही. ‘हाई कोनतं झाड शे, दादा?’ इतकंच विचारून थांबू नका. गुरं पाला खातात का, लाकूड नांगराला चालतं का, फळ कधी पिकतं, हे विचारा. उपयोग सांगताना माणूस झाडाची खरी खूण बोलून जातो. मिळालेलं नाव गावाच्या नावासकट लिहा, कारण नदी ओलांडली की नाव बदलू शकतं.

झाडाखालचे आणि झाडावरचे

रानातले लहान प्राणी दिसतात कमी, सापडतात जास्त. म्हणजे त्यांच्या खुणा सापडतात. नाल्यातली ओली वाळू आणि वाटेवरची मऊ धूळ सकाळी उन्हाच्या आत वाचायची, तिरप्या उजेडात ठसा उठून दिसतो. दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे आणि मधोमध वळत गेलेली एक रेघ असेल तर घोरपड शेपूट ओढत गेली. गोल, किंचित चपट्या, सुकल्यावर गवताच्या भुशासारख्या लेंड्या सशाच्या. लांबट, पुष्कळदा माळेसारख्या जोडलेल्या लेंड्या आणि जवळ खणलेले कंद, कुरतडलेल्या साली दिसल्या तर साळिंदर. काळा-पांढरा काटा सापडला तर विचारायलाच नको. दगडावर किंवा आडव्या पडलेल्या खोडावर मुद्दाम ठेवल्यासारखी, बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराची. बिया काडीने वेगळ्या करून बघा. टेंभुर्णीच्या, बोराच्या की बहाव्याच्या, हे ओळखू आलं की रात्री ते कोणत्या झाडावर होतं हेही कळतं. मुंगसाच्या विष्ठेत किड्यांचे चकाकणारे पंख असतात.

खार दिसली तर पाठीवरचे फिकट पट्टे मोजा. तीन की पाच? दोन वेगळ्या जाती आहेत, आणि नुसती ‘खार’ लिहून पुढे जाण्याची सवय पहिल्या दिवसापासून मोडलेली बरी.

मोहाचं फूल फाल्गुन-चैत्रात रात्रीतून गळतं आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. तो खायला अस्वलही येतं. सातपुड्यात अस्वलं आहेत. त्या दिवसांत अंधारात एकट्याने मोहाखाली जाऊ नये. वेचणारी माणसंही घोळक्याने, बोलत जातात.

जुन्या झाडांच्या ढोल्या दुपारीसुद्धा बघाव्यात, याला खान्देशात एक खास कारण आहे. रानपिंगळा हे लहानसं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलंच नव्हतं, संपलं असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात सापडलं. ते घनदाट अरण्यात लपलं नव्हतं, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा पक्षी आहे तो. गावोगावी दिसणारा ठिपकेवाला पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक डोक्यावर बघायचा. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. छाती गडद तपकिरी आणि पोट पांढरं. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात त्याला हद्द राखायला धावावं लागतं आणि पिल्लं उपाशी राहतात.

दगड उचलणार असाल तर हाताने नको, काठीने. आणि पलीकडची कड अशी उचला की दगड तुमच्याकडे कलेल आणि मोकळी बाजू तुमच्यापासून लांब उघडेल. खाली फुरसं असू शकतं. खान्देशच्या खडकाळ माळांवर ते सर्रास आढळतं. फूटभराचा, मातकट, डोक्यावर बाणासारखी खूण असलेला साप, डिवचला की अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवायचा, त्याखालची ओल पुष्कळांचं घर असते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात गल्लत होते: कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे उलट, शेपटीकडे ठळक. ही माहिती फोटो बघून ताडायला आहे, साप धरून नव्हे. दंश झाला तर १०८ ला फोन, हालचाल कमीत कमी, आणि थेट सरकारी रुग्णालय. मांत्रिक, चिरा मारणं, आवळून बांधणं यात वेळ घालवायचा नाही. जखमी प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. घोरपड आणि खवल्या मांजर यांना पकडणं, विकणं, खाणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गंभीर गुन्हा आहे.

बारक्या जिवांपैकी तीन सोपे. पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचा किडा. पायांच्या दाट रांगा असलेला, हात लावला की गुंडाळणारा वाणी, त्याच्या प्रत्येक वळीला पायांच्या दोन जोड्या. चपट्या, चपळ आणि चावणाऱ्या गोमेच्या वळीला एकच. आणि विंचू: अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च मिळते, तिच्या उजेडात तो हिरवट-निळा चमकतो. स्वतःच्या वावराच्या बांधावर रात्री फिरवून बघा. नंतर तिथे कधी अनवाणी जाणार नाही.

अळंबी : बघा, खाऊ नका

अळंबीसाठी जुलै ते सप्टेंबर एवढेच महिने. दोन-तीन दिवसांच्या संततधारेनंतर ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर पडा.

आधी लाकडावरची शिका, कारण ती बरेच दिवस टिकतात आणि झाडाशी जोडून लक्षात राहतात. मेलेल्या फांदीवर नखाएवढे, वरून पांढरे लवदार, खालून दुभंगलेल्या पट्ट्यांचे पंखे दिसले तर ती फाटक्या कल्ल्यांची (कल्ले म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या) अळंबी, जगात जवळजवळ सगळीकडे आढळणारी. पडलेल्या ओंडक्यावर भडक नारिंगी-लाल, पातळ, कडक पंखा असेल तर खालून भिंगाने बघा, बारीक छिद्रं दिसतील. कोळशाच्या गोळ्यासारखी काळी गाठ सापडली तर मधोमध कापून बघा. आत एकाबाहेर एक वर्तुळं निघतात. जिवंत झाडाच्या बुडाशी तपकिरी, लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत अळंबी आली असेल तर झाड आतून पोखरलं गेलंय असं समजा, वादळात त्याखाली थांबू नका.

जमिनीवरची अवघड. वारुळाजवळ उगवणाऱ्या, मधोमध टोक असलेल्या अळंबीचा देठ जमिनीत खोल, वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. नुसती टोपी खुडली तर ओळखीचा अर्धा पुरावा मातीत राहतो, म्हणून चाकूने सावकाश बाजूची माती उकरून पूर्ण देठ बघा. बुडाशी पिशवी किंवा कांद्यासारखी गाठ आहे का, देठावर कडं आहे का, टोपीखालचे कल्ले कोणत्या रंगाचे, हे तिथेच लिहा. तासाभरात रंग बदलतो.

मग बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या बारीक पुडीचा, ठसा घ्यायचा. टोपी देठापासून कापून कल्ले खाली करून कागदावर ठेवा, अर्धी पांढऱ्यावर, अर्धी काळ्यावर. वर वाटी झाकून रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी टोपी उचलली की कागदावर किरणांची नक्षी उतरलेली असते. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. शेणखताच्या कडेला, गवतात, शाळेच्या मैदानात उगवणारी एक मोठी, पांढरी, वर तपकिरी खपल्या आणि देठावर कडं असलेली छत्री असते. तिचा ठसा हिरवट येतो. ती विषारी. कोवळी असताना तिचे कल्ले पांढरेच असतात आणि तीच माणसाला फसवते.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा होतो का, किड्यांनी खाल्लीय का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही जीवघेण्या अळंब्यांचा त्रास सहा-सहा, बारा-बारा तासांनी सुरू होतो आणि उशिरा सुरू झालेली उलटी-जुलाब जास्त धोक्याची असते. पिढ्यान् पिढ्या अळंबी खाणाऱ्यांना आपल्या टेकडीवरची ठरावीक अळंबी ओळखू येते. तेवढ्या ओळखीशिवाय, लेख वाचून किंवा अॅप बघून, एकही तोंडात घालायची नाही. हाताळल्यावर हात धुतले की पुरे, नुसत्या स्पर्शाने विष चढत नाही.

वर्ष कसं लावायचं

फेब्रुवारीअखेरीस, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराच्या आसपास, पळस फुललेला असताना सुरू करा. आपल्या जागेतली आठ-दहा निष्पर्ण झाडं निवडा, सालीची वर्णनं लिहा, मोबाइलवर ठिकाणं नोंदवा. झाडावर खिळा, रंग, खूण काही करू नका. मार्च-एप्रिलमध्ये कुसुंबाची लालभडक आणि अंजनाची तांबूस पालवी, मोहाचा सडा. मे महिन्यात फक्त पहाटेचा एखादा तास, पाणवठ्याजवळच्या चिखलातले ठसे बघायला. जूनमध्ये मृगाचे किडे आणि नवी पानं: आता जुनी वही काढा आणि सालीच्या प्रत्येक वर्णनाशेजारी पान काढा. जिथे फेब्रुवारीतला अंदाज आणि जूनचं पान जुळत नाही तिथे अंदाज खोडू नका, त्याच्या पुढेच दुसरं नाव लिहा. जुलै ते पोळ्यापर्यंत अळंबी. दिवाळीनंतर फळं, शेंगा, सालींवरचा डिंक, आणि धावडा तांबडा व्हायला लागला की पुढच्या वर्षासाठी आणखी चार झाडं निवडायची. त्यात एखादं रोहन किंवा मेडशिंग घ्या, दोन्ही आपल्याकडे आहेत आणि दोन्हींची साल नीट बघणारे फार थोडे.